‘किती सीसीची आहे?’

पूर्वी जुनी गाडी बघायला आलेलं गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारायचं, ‘किती देते?’ शिरूर-दौंडकडच्या तरुण गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न आता बदललाय: ‘किती सीसीची आहे?’ आधीचा प्रश्न गरिबीतून आला होता, पण त्यात हिशोब होता. आत्ताच्या प्रश्नात हिशोब नाही. बाराशे म्हटलं की पोरगा तोंड वाकडं करतो, अठराशे म्हटलं की बॉनेट उघडायला सांगतो आणि तीन हजार म्हटलं की बाकी काही न विचारता टोकन द्यायला निघतो.

हा लेख त्या पोरांच्या हौसेविरुद्ध नाही, हे आधीच सांगून टाकतो. आपल्या मोहल्ल्यात गाडीची हौस निघाली की दोन-तीन बुजुर्ग लगेच इसराफवर बोलू लागतात. फिजूलखर्ची वाईटच. पण एमआयडीसीत शिफ्ट करून, गॅरेजात हात काळे करून किंवा आखातात चार वर्षं काढून एखाद्यानं पाच-सहा लाख जमवले आणि त्याला एक वेगवान गाडी घ्यावीशी वाटली, तर त्यात गुन्हा काय? हेच बुजुर्ग पांढरी फॉर्च्युनर दारात आली की खुर्ची पुढे करतात. तेव्हा इसराफ आठवत नाही. माझं भांडण हौसेशी नाही. इंजिनाच्या आकड्याला ताकदीचं, प्रतिष्ठेचं आणि शहाणपणाचं माप समजण्याशी आहे, कारण त्या समजुतीपायी पोरं कमावलेला पैसा घालवतात आणि कधीकधी जीवही.

या समजुतीला उत्तर शोधायला लांब जायला नको. ते शिरूर तालुक्यातच, रांजणगावच्या एमआयडीसीत तयार झालं आहे.

रांजणगावला फियाटचा कारखाना आहे. तिथून बाहेर पडलेल्या गाड्यांच्या आरसीवरचा एकच आकडा घ्या: १३६८. सिलिंडरचा व्यास ७२ मिलिमीटर, पिस्टनची धाव ८४ मिलिमीटर, सिलिंडर चार. गुणाकार करा, १३६८ सीसी येतात. २००९ साली आलेल्या पुंटोमध्ये हे इंजिन टर्बोशिवाय होतं आणि कंपनी सुमारे ९० हॉर्सपॉवर सांगायची. पुढच्या वर्षी लिनिया टी-जेट आली. सीसी तेवढीच, पण टर्बो बसवला आणि ताकद ११४ झाली. ऑक्टोबर २०१५ मध्ये अबार्थ पुंटो आली, किंमत दहा लाखांच्या किंचित खाली. तीही १३६८, पण ताकद १४५, चारही चाकांना डिस्क ब्रेक, सस्पेन्शन नेहमीच्या पुंटोपेक्षा खाली बसवलेलं. शंभरचा वेग नऊ सेकंदांच्या आत. २०१७ मध्ये याच कारखान्यातून जीप कंपास निघाली. तिच्या पेट्रोल इंजिनाचे सीसीही तेवढेच आणि ताकद १६० च्या वर.

म्हणजे एकाच आकड्याच्या चार गाड्या आणि ताकद ९० पासून १६० पर्यंत. आता सांगा, ‘किती सीसीची?’ या प्रश्नाच्या उत्तरातून गिऱ्हाइकाला काय कळलं?

यात जादू काही नाही. सीसी म्हणजे पिस्टन खालीवर होताना सिलिंडरमध्ये जेवढी जागा मोकळी होते तिचं माप. पण इंजिन जागेवर चालत नाही, हवा आणि इंधनावर चालतं. त्याच जागेत टर्बोनं दाबून जास्त हवा भरली की जास्त इंधन जळतं आणि जास्त जोर निघतो. डेगचीत किती शिजेल हे नुसत्या डेगचीच्या घेरावर ठरत नाही, खाली आच किती आहे तेही बघावं लागतं. गॅरेजात काम करणाऱ्या कुठल्याही पोराला हे पाठ असतं. शिरूर काय, दौंड काय, मिस्त्रीकाम, डेंटिंग-पेंटिंग, रेडिएटर, सीटकव्हर या धंद्यांत आपली पोरं भरलेली आहेत. गंमत अशी की गाडी घेताना त्यांना कोणी विचारत नाही. विचारलं जातं ते मोबाइलवर एक्झॉस्टचा आवाज ऐकवणाऱ्याला. (शिरूरला लोक अजून घोडनदी म्हणतात. इंग्रजांच्या घोडदळाची छावणी इथे होती. ताकद घोड्यांत मोजायची ही रीत निदान या गावानं तरी विसरू नये.)

मग सीसीचा एवढा बोलबाला का? कारण सीसी हा सरकारी आकडा आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारनं छोट्या गाड्यांवरची एक्साइज कमी केली आणि छोटी गाडी म्हणजे काय ते ठरवलं: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. पुढे जीएसटी आला तरी ही रेघ राहिली. म्हणून तर बाजारात ११९७, ११९८, ११९९ अशी इंजिनं दिसतात. कुणा इंजिनिअरला ११९७ या आकड्याचं प्रेम नव्हतं. कंपन्या करासाठी रेघेच्या आत राहिल्या. अबार्थ पुंटोची लांबी चार मीटरच्या आत होती, पण इंजिन रेघेच्या पलीकडे गेलं, म्हणून तिला मोठ्या गाडीचा कर लागला. आपल्या पोरांनी कर वसुलीसाठी आखलेली ही रेघ मर्दानगीची रेघ म्हणून स्वीकारली आहे.

जुनी गाडी घेणाऱ्याला सीसीचा आकडा खरंच नडतो तो एका ठिकाणी, थर्ड पार्टी विम्यात. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार १००० ते १५०० सीसीच्या खाजगी गाडीचा वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता ३,४१६ रुपये आणि १५०० च्या वर ७,८९७ रुपये, कर वेगळा. अबार्थ खालच्या पट्ट्यात, अठराशेची सिव्हिक वरच्या पट्ट्यात. आणि सिव्हिकची ताकद? सुमारे १३०. म्हणजे सरकार दुपटीहून जास्त हप्ता घेतं त्या गाडीत घोडे पंधरानं कमी.

फॉर्च्युनरचंही तसंच. २.८ लिटरचं डिझेल इंजिन, २७५५ सीसी, अबार्थच्या दुप्पट. २०१६ च्या गाडीची ताकद १७७. पण वजन दोन टनांहून जास्त. टनामागे हिशोब काढला तर पंच्याऐंशीच्या आसपास हॉर्सपॉवर येते. अबार्थचं वजन बाराशे किलोच्या आतबाहेर, तिथे हाच आकडा एकशेवीसच्या घरात जातो. फॉर्च्युनर वाईट गाडी आहे असं नाही. खडकाळ रस्त्यावर, सात माणसं आणि सामान घेऊन ती जे करते ते अबार्थला जमणार नाही. पण ‘मोठं इंजिन म्हणजे पळणारी गाडी’ हे म्हणणं खोटं आहे, एवढं यातून दिसतं.

आता दिल्लीच्या गाड्यांबद्दल, कारण खरी फसगत तिथे आहे. राजधानी परिसरात दहा वर्षांपेक्षा जुनी डिझेल आणि पंधरा वर्षांपेक्षा जुनी पेट्रोल गाडी चालवायची नाही, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादानं दिला आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो उचलून धरला. त्यामुळे तिकडच्या गाड्यांचे भाव पडले आणि एजंटांनी त्या महाराष्ट्रात आणल्या. बीएमडब्ल्यू, ऑडी, मर्सिडीज, दोन दरवाज्यांच्या, छत उघडणाऱ्या, तीन लिटरच्या. नवी असताना पन्नास लाखांची गाडी आठ लाखांत मिळते म्हटल्यावर पोराचं डोकं फिरणारच. पण भाव गाडीचा पडला, सुट्या भागांचा नाही पडला. ब्रेक डिस्क पन्नास लाखांच्या गाडीचीच राहते, सस्पेन्शनचा एअर बलून पन्नास लाखांच्या गाडीचाच राहतो, इंजिन ऑइल सात-आठ लिटर लागतं ते लागतंच. शिवाय दिल्लीची एनओसी आणा, महाराष्ट्राचा कर भरा (तो गाडीच्या मूळ किमतीवर आणि इंधनावर ठरतो, डिझेलला जास्त), नवा नंबर घ्या. पूर्ण बनून परदेशातून आलेली गाडी असेल तर पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणाची नुसती फी एप्रिल २०२२ पासून चाळीस हजार रुपये झाली. साध्या गाडीला ती पाच हजार होती. वीस वर्षं ओलांडलेल्या गाड्यांना २०२५ पासून याच्याही दुप्पट.

एजंट हे सांगत नाही. तो सीसी सांगतो.

आणि चिखल कुठे लपलाय हेही सांगत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नई बुडाली, २०१८ मध्ये केरळ. पाण्यात गेलेल्या महागड्या गाड्या विमा कंपन्यांनी लिलावात काढल्या की त्या कुठेतरी जातातच. कार्पेट उचलून बघा, सीटखालचे बोल्ट गंजलेत का बघा, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाची रेघ आहे का बघा. तीन हजार सीसीचं इंजिन पाण्यात बुडून आलेलं असेल तर ते तीन हजार सीसीचं भंगार आहे.

इथे समोरच्याची एक बाजू मान्य करायला हवी. मोठं आणि टर्बो नसलेलं इंजिन जुन्या बाजारात कधीकधी खरंच शहाणपणाचं ठरतं. सिव्हिकचं अठराशेचं इंजिन आरामात चालतं, त्याला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, आणि टर्बोची कटकट नाही. अबार्थच्या टी-जेटला टायमिंग बेल्ट आहे. तो वेळेवर बदलला नाही आणि तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिन खोलावं लागतं. टर्बोला चांगलं ऑइल लागतं, आणि ते वेळेवर बदलावं लागतं. पोलो जीटी टीएसआय ही चाकणची ११९७ सीसीची गाडी चालवायला मजेदार, १०५ हॉर्सपॉवर, पण तिच्या कोरड्या दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सचं मेकॅट्रॉनिक युनिट गेलं की खिसा फाटतो. त्यात फियाटनं आपल्या नावाच्या गाड्या भारतात विकणं बंद केलं, त्यामुळे अबार्थचे खास पार्ट शोधायला घाम गाळावा लागतो. साधे पार्ट लिनिया आणि पुंटोचे चालतात, पण बंपर, अलॉय, बॅज यांचं तसं नाही. म्हणून ज्याला रोज पन्नास-साठ किलोमीटर ड्युटीला जायचंय आणि ज्याच्या ओळखीत फियाटचा मिस्त्री नाही, त्यानं सिव्हिक घेतली तर मी त्याला वेडा म्हणणार नाही. फक्त गावातले स्पीडब्रेकर मोजून घे म्हणेन. ती गाडी खाली घासते. पण त्यानं ती कमी कटकटीसाठी घ्यावी, आरसीवर अठराशे लिहिलंय म्हणून नको.

टर्बो इंजिनात आणखी एक फसवणूक असते, रिमॅपची. लॅपटॉप लावून इंजिनाचा प्रोग्रॅम बदलला की त्याच १३६८ मधून वीस-पंचवीस घोडे जास्त काढता येतात. आरसीवर काही बदल दिसत नाही. मधल्या मधे क्लच, टर्बो, गॅस्केट झिजतात. आधीच्या मालकानं हे केलंय का, हे मीटर बघून कळत नाही, स्कॅनर लावणाऱ्याला आणि क्लच दाबून बघणाऱ्याला थोडंफार कळतं. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल क्लेमच्या दिवशी नडतो.

आता रस्ता. शिरूरहून दौंड तालुक्यात उतरायचं तर न्हावऱ्यावरून चौफुल्याचा रस्ता. एका बाजूला नगर रोड, दुसऱ्या बाजूला सोलापूर रोड, आणि मधे हा रस्ता, ऊस पट्ट्यातून जाणारा. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार मोटारीला दुभाजकाच्या चौपदरी रस्त्यावर १०० आणि असल्या इतर रस्त्यांवर ७० ची कमाल मर्यादा. नव्वद घोड्यांची पुंटो सत्तर गाठते. पंचाहत्तर घोड्यांची जुनी स्विफ्ट डिझेलही गाठते. मग १४५ कशाला? ओव्हरटेक करताना समोरच्या लेनमध्ये कमी वेळ राहावं लागतं, हे एक प्रामाणिक उत्तर आहे. बाकी सगळी उत्तरं हौसेची, आणि हौसेला ब्रेक लागतात.

गाळप सुरू झाल्यापासून संपेपर्यंत पाटसच्या भीमा, आलेगावच्या दौंड शुगर अशा कारखान्यांकडे उसाच्या जोड ट्रॉल्या रात्रभर चालतात. कित्येकींना मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं झाकलेला, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. समोरून येणाऱ्याच्या अप्परमध्ये डोळे दिपले की पुढची ट्रॉली दिसते तेव्हा ती बॉनेटवर आलेली असते. तिथे तुमची गाडी किती सीसीची आहे हे त्या उसाला माहीत नसतं. तिथे टायर किती जुने आहेत, ब्रेक पॅड उरलेत का, हेडलाइटची काच पिवळी पडलीय का, हे महत्त्वाचं. सात वर्षांपूर्वीचे टायर नक्षी शिल्लक आहे म्हणून चालवणारी पोरं मी बघतो. टायरवर कोणत्या आठवड्यात, कोणत्या साली बनला ते चार आकड्यांत छापलेलं असतं, तेही वाचायचं असतं हे त्यांना माहीत नसतं. आरसीवरचे सीसी मात्र तोंडपाठ.

आणि १९ मे २०२४ ची रात्र कोण विसरलंय? कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलानं चालवलेल्या पोर्शेनं दुचाकीवरचे दोन तरुण इंजिनिअर उडवले. ती गाडी टायकान होती, पूर्ण बॅटरीवरची. तिला सीसीच नव्हते. सीसीवरून गाडी धोकादायक की सुरक्षित ठरवणाऱ्यांच्या हिशोबात ती गाडी शून्य. तिची कायमची नोंदणीही १,७५८ रुपयांची फी न भरल्यामुळे अडकलेली होती, हे तेव्हा परिवहन खात्यानंच सांगितलं. कोट्यवधींची गाडी, आणि कागदासाठी दोन हजारही नाहीत.

कागदाचा मुद्दा आपल्या पोरांसाठी अधिकच महत्त्वाचा. नाकाबंदीत कोणाची गाडी आधी थांबते आणि कोणाला ‘जाऊ द्या’ म्हणतात, यावर मी इथे वाद घालत नाही. ज्याला अनुभव आहे त्याला सांगावं लागत नाही. म्हणून ढिलाई परवडत नाही. फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी आपल्या नावावर करून घ्या, सहीचे कोरे फॉर्म गाडीत ठेवून वर्षभर फिरू नका. विकणाऱ्यालाही हेच सांगणं आहे. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की अपघात झाला तर आरसीवर ज्याचं नाव आहे तोच मालक, मग गाडी किती हातांतून पुढे गेलेली असो. बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा उतरलाय का बघा. शिरूरची गाडी एमएच-१२ ची, दौंडची एमएच-४२ ची. नंबर दिल्लीचा किंवा हरियाणाचा असेल तर एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

कर्जाचं म्हणाल तर सूदाचा प्रश्न मुफ्तींना विचारणारे पुष्कळ आहेत, आणि विचारावाच. पण त्याआधी एक साधं गणित मांडा. जुन्या गाडीचं कर्ज नव्या गाडीपेक्षा महाग असतं, आणि गाडी जितकी जुनी तितकं आणखी महाग. सहा लाख हातात आहेत म्हणून कर्ज काढून नऊची गाडी घेणारा पोरगा पहिल्याच वर्षी टायमिंग बेल्ट पुढच्या महिन्यावर ढकलतो, फर्स्ट पार्टी विमा टाळून थर्ड पार्टीवर भागवतो आणि टायर पुढच्या ईदला घेऊ म्हणतो. थर्ड पार्टीत त्याच्या गाडीचं किंवा त्याच्या हातापायाचं नुकसान भरून मिळत नाही. ट्रॉलीखाली गेलेल्या गाडीचे हप्ते बाप भरतो.

सहा लाख असतील तर साडेचारची गाडी बघा. उरलेल्या दीड लाखातून चार नवे टायर, ब्रेक पॅड आणि डिस्क, टायमिंग बेल्ट पाण्याच्या पंपासकट, सगळी ऑइलं, बॅटरी आणि पूर्ण विमा, आणि वर थोडे बाजूला. लहान इंजिनाची, एका मालकाची, सर्व्हिसच्या पावत्या असलेली गाडी ही अशी बघायची. जिथे पावत्या नाहीत आणि ‘अरे, इंजिन बघ ना’ एवढंच ऐकू येतं, तिथून परत यायचं.

गाडी बघायला जाताना मित्र नेऊ नका, मिस्त्री न्या. त्याची दिवसाची मजुरी द्या, फुकट नेऊ नका. फुकट आलेला माणूस नाही म्हणायला कचरतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी थंड इंजिन सुरू करायला सांगा, आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. निळा धूर, टर्बोची शिट्टी, तिसऱ्या गिअरमध्ये क्लच घसरतोय का, खड्ड्यात खालून टकटक येते का, हे तो ऐकेल. तुम्ही मागच्या सीटवर बसा आणि गप्प राहा. आणि मिस्त्री ‘राहू दे भाऊ’ म्हणाला, तर टोकन खिशातच ठेवून चहा पिऊन घरी या.